लेकाला खोली, लेकीला अपडाऊन

अर्धापूरच्या एसटी थांब्यावर सकाळी तासभर उभे राहिले की आपल्या भागातल्या शिक्षणाचा सगळा हिशेब डोळ्यांसमोर मांडला जातो. नांदेडकडे जाणाऱ्या गाडीत आधी डबे चढतात. कापडी पिशवीत बांधलेले, वर नावाची चिठ्ठी अडकवलेले. नांदेडला खोली करून राहिलेल्या मुलांचे हे डबे. मग मुली चढतात. या मुलींना खोली नाही. त्या वीस-एक किलोमीटर जातात, तासिका करतात आणि दिवेलागणीच्या आत घरी परततात. पुष्कळदा भावाचा डबा पोचवायचे कामही त्यांच्याकडेच असते. एकाच घरातली दोन लेकरे, दोघांचे कॉलेज एकाच शहरात, पण लेकाला खोली आणि लेकीला अपडाऊन.

मैत्रिणींनो, याचे खापर सरकारवर आणि कॉलेजांवर फोडणे सोपे आहे. ते फोडूच. पण आज आधी आपल्याविषयी, आई-बापांविषयी बोलायचे आहे.

तो डबा कसा जातो ते बघा. गावातल्या चार घरची मुले नांदेडला असतात. चार बाया रोज थांब्यावर येत नाहीत. एक जण चारही डबे घेऊन येते. जिला हळदीच्या काढणीला पहाटेच निघायचे असते, तिच्या लेकाच्या भाकरी शेजारीण थापते. कुणाचा डबा राहिला तर बाकीच्या तिघींची मुले आपल्यातले वाढून देतात. वर्षानुवर्षे हे बिनबोभाट चालते. कुणी सभा बोलावली नाही, कुणी अध्यक्ष झाले नाही, पावतीपुस्तक छापले नाही. आपल्या बायांना संघटन जमत नाही असे म्हणणाऱ्या पुढाऱ्यांनी एकदा हा डबा बघावा.

आता दुसरी साखळी बघा. तीही याच घरांमधून जाते. "तुमची पोरगी काल उशिराच्या गाडीने आली म्हणे." "थांब्यावर कुणाशी तरी बोलत होती." "आमच्या ह्यांनी बघितलं." हा निरोप डब्यापेक्षा वेगाने पोचतो. आमच्या ओळखीच्या एका गावात एका मुलीची गाडीत छेड काढली गेली. तिने धीर करून घरी सांगितले. बाप ज्याने छेड काढली त्याच्या दारात गेला नाही, आगाराकडे गेला नाही, ठाण्यातही गेला नाही. मुलीचे कॉलेज बंद झाले. आठवड्याभरात त्याच गाडीने जाणाऱ्या आणखी चौघींचे बंद झाले. पाचही घरे एकमेकांशी बोलली होती, एकमेकांना धीर दिला होता, "आपलं बरं झालं, वेळेवर सावरलं" असेही म्हणाली होती. त्या पोराचे कॉलेज मात्र चालूच राहिले.

पालकांनी पालकांना आधार देणे म्हणतात ते आपल्याकडे आहेच. प्रश्न असा की तो कशासाठी वापरला जातो. लेकासाठी तो डबा होतो आणि लेकीसाठी पाळत. लेकाच्या वेळी चार घरे मिळून त्याला शहरात टिकवतात, लेकीच्या वेळी तीच चार घरे मिळून तिला परत आणतात. आणि दोन्हीला आपण एकच शब्द वापरतो, काळजी!

या काळजीपुढे आई स्वतःही सुटत नाही. १९९०च्या दशकात बारावीच्या गुणवत्ता यादीमुळे 'लातूर पॅटर्न' हे नाव राज्यभर झाले. आज नांदेड आणि लातूर दोन्हीकडे शिकवणी वर्गांच्या गल्ल्या आहेत. तिथल्या खोल्यांमधून डोकावून बघा. मुलगा पुस्तकात असतो आणि कोपऱ्यात स्टोव्हपाशी त्याची आई. दोन-दोन वर्षे घर, शेत, धाकटी लेकरे सोडून ती तिथे स्वयंपाकीण म्हणून राहते. गावाकडे तिच्या वाट्याचे काम कोण करते? थोरली मुलगी. म्हणजे लेकाच्या डॉक्टरकीसाठी आईची दोन वर्षे जातात आणि लेकीचे कॉलेज जाते. मुलगा यशस्वी झाला की फलकावर त्याचा फोटो, वर्गाच्या मालकाचा फोटो. स्टोव्हपाशी बसलेल्या बाईचा नाही, आणि गावाकडे भाकरी थापणाऱ्या पोरीचा तर नाहीच. त्या एकेका खोलीतल्या दहा आयांनी मिळून एक स्वयंपाकघर चालवले असते, पाळी लावली असती, तर नऊ जणींना घरी राहता आले असते. पण तिथे प्रत्येकीला शिकवले जाते की शेजारचा मुलगा तुझ्या मुलाचा स्पर्धक आहे. स्पर्धकाच्या आईशी मैत्री कशी करायची?

आता सरकारकडे वळू. ग्रामीण मुलींना अहिल्यादेवी होळकरांच्या नावाच्या योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो, पण बारावीपर्यंतच. नेमकी जिथून गळती जोरात सुरू होते, तिथे मोफत पास संपतो. मार्च २०२३ पासून बायांना अर्धे तिकीट झाले, त्याचे स्वागत. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झाले, त्याचेही स्वागत. पण साध्या बी.ए., बी.कॉम.ला जाणारी आपली मुलगी फीसाठी घरी बसत नाही. ती बसते गाडी नाही म्हणून, वसतिगृह नाही म्हणून, आणि "लोक काय म्हणतील" म्हणून. ऑक्टोबर २०२१ अखेरपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीचा संप चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्या रास्त होत्या. पण त्या महिन्यांत मुले मोटारसायकलवर दोघे-तिघे बसून कॉलेजला गेली आणि मुली घरी राहिल्या. काळीपिवळी मिळून ठरवू, भाडे वाटून घेऊ, एक बाई रोज सोबत जाईल, एवढे किती गावांतल्या पालकांनी केले? आणि घरी राहिलेल्या मुलीचे पुढे काय होते हे आपल्याला माहीत आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायांपैकी जवळपास २२ टक्क्यांची लग्ने अठराच्या आत झालेली निघाली. कॉलेज सुटणे आणि स्थळ येणे यांत आपल्याकडे फार दिवस जात नाहीत.

कुणी म्हणेल, कॉलेजची मुले सज्ञान असतात, त्यांच्यात आई-बापांनी कशाला पडायचे? बरोबर आहे. मुलगी कोणता विषय घेते, कुणाशी बोलते, काय घालते यात आपण पडूच नये. पण संस्था तिला एकटी गाठते तेव्हा मागे कोण उभे राहणार? १७ जानेवारी २०१६ला हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ला मुंबईत, नायर रुग्णालयाशी जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. पायल तडवी गेली. जळगावकडची ही आदिवासी मुलगी स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला, खटला उभा राहिला. पुढे काय झाले ते आपण नीट लक्षात ठेवले पाहिजे. रोहितची आई राधिका वेमुला आणि पायलची आई आबेदा तडवी या दोघी एकत्र आल्या. एक तेलुगू बोलणारी दलित बाई, दुसरी खानदेशातली तडवी. २०१९ मध्ये दोघींनी मिळून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. विद्यापीठ अनुदान आयोगाने भेदभावाविरुद्ध २०१२ मध्ये केलेले नियम कॉलेजे पाळत का नाहीत, असा त्यांचा सवाल होता. त्या रेट्यामुळे २०२५ मध्ये आयोगाला नव्या नियमांचा मसुदा काढावा लागला. आपली लेकरे परत येणार नाहीत हे दोघींना माहीत होते. त्या दुसऱ्यांच्या लेकरांसाठी उभ्या राहिल्या. पालकांनी पालकांना आधार देणे ते हे!

आपल्याला दिल्ली गाठायची गरज नाही. पण एक प्रश्न स्वतःला विचारावा लागेल. आपली डब्याची साखळी कुठवर जाते? भावकीपर्यंत जाते, फार तर गल्लीपर्यंत. बौद्धवाड्यातल्या मुलाचा डबा त्या पिशव्यांत असतो का? मोमीनांच्या मुलीला सोबत हवी असेल तर आपली मुलगी तिच्या शेजारी बसते का? साखळी जातीपाशी तुटत असेल तर संकटात ती कुणाच्याच कामाची नाही. छेड काढणारा जात विचारून थांबत नाही, आणि कॉलेजचे कार्यालय एकट्या बापाला दारातून परत पाठवते. पंधरा आया एकदम गेल्या तर खुर्च्या मागवाव्या लागतात.

म्हणून जूनमध्ये प्रवेश सुरू होण्याआधी प्रत्येक गावात कॉलेजला जाणाऱ्या मुलामुलींच्या आयांनी एकदा बसावे. बापांनीही यावे, पण पुढच्या रांगेत बसू नये. एका गाडीने जाणाऱ्या मुलींची यादी करावी आणि ठरवावे की छेड झाली तर एकही मुलगी घरी बसणार नाही, दुसऱ्या दिवशी चार बाया त्याच गाडीत बसतील. कॉलेजात जाऊन विचारावे की तक्रार समितीत कोण आहे, तिच्या सदस्यांची नावे भिंतीवर का नाहीत. पालक मेळाव्याच्या वहीत नुसती सही करून परत येऊ नये. बारावीनंतरचा मोफत पास आणि तालुक्याच्या ठिकाणी मुलींचे वसतिगृह, या दोन मागण्या ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्याव्यात. ज्या घरात लेकाला खोली आहे, त्या घराला सगळ्यांदेखत विचारावे की लेकीला का नाही. चार मुलींनी मिळून एक खोली घेतली तर भाडे चौथाई होते, आणि आळीपाळीने एकेकीच्या आईने जाऊन राहिले तर बदनामीची भीतीही चौथाई होते. मुली रुळल्या की आयांनी परत यावे. तिथे पहारेकरी होऊन बसू नये.

आणि शेवटचे. पुढच्या वेळी शेजारीण येऊन म्हणाली, "तुमची पोरगी काल उशिराच्या गाडीने आली म्हणे", तर तिला आत बोलवावे, चहा ठेवावा आणि सांगावे, "हो, आली. प्रॅक्टिकल होतं. उद्या तुझीही असेल, तेव्हा दोघींना घ्यायला थांब्यावर आपण दोघी जाऊ."