पाऊस किती आणि किती वेळांत ?

आपल्याकडे पावसाची चौकशी करण्याची एक ठरलेली रीत आहे. "काल पाऊस किती झाला ?" असें कोणी विचारिलें म्हणजे "चार इंच झाला" किंवा "शंभर मिलिमीटर झाला" असें उत्तर मिळतें, व तेवढ्यानें विचारणाराचें समाधान होतें. परंतु हें उत्तर अर्धेंच आहे असें आमचें मत आहे. शंभर मिलिमीटर पाऊस चोवीस तासांत संथपणें पडला तर शेतकरी संतोष पावतो; तोच एका तासांत कोसळला तर त्यास ढगफुटी म्हणतात, आणि ओढ्याकाठच्या वस्तीस प्राणसंकट ओढवतें. आंकडा एकच, परिणाम मात्र विपरीत. म्हणून पाऊस किती पडला याबरोबरच तो किती वेळांत पडला, हें विचारण्याची संवय प्रत्येक विद्यार्थ्यास व प्रत्येक घरास लागली पाहिजे.

पाऊस मोजण्याची विद्या आपल्या देशांत नवी नाहीं. कोठारापुढें हातभर रुंद तोंडाचें कुंड ठेवून पाऊस मोजावा असें कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सांगितलें आहे, व निरनिराळ्या प्रांतांचें पर्जन्यमानही दिलें आहे. अपरांताचा, म्हणजे आपल्या कोंकणाचा, पाऊस मात्र तेथें 'अमित' म्हणजे मोजमापापलीकडचा म्हटला आहे ! परंतु ती मोजणी पिकापाण्यासाठीं होती; तीस सालाचा आंकडा पुरे होई. पुराचा प्रश्न निराळा आहे. मोठी नदी चार दिवसांच्या संततधारेनें फुगते. ओढा आणि शहरांतील नाला घटकाभराच्या सरीनेंही फुगतो.

२६ जुलै २००५ चा दिवस मुंबई विसरणार नाहीं. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेंत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्यांतील १९० मिलिमीटर तर दुपारच्या एकाच तासांत पडला. शहराचीं पावसाळी गटारें ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबानें, आणि तेंही समुद्रास ओहोटी आहे असें धरून, बांधलेलीं होतीं. त्या दुपारीं समुद्रास मोठी भरती होती. मग पाण्यानें जावें कोठें ? शहरांत ४०० हून अधिक माणसें प्राणांस मुकलीं.

या आंकड्यांचा अर्थ कळण्यास थोडेंसें गणित पुरे आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी झालें. एक हेक्टर मैदानावर ताशी २५ मिलिमीटर पाऊस पडला तर तासाभरांत अडीच लाख लिटर पाणी जमतें. ताशी १९० मिलिमीटर पडला तर एकोणीस लाख लिटर! मोकळी माती असेल तर त्यांतील कांहीं भाग मुरतो. डांबर अथवा सिमेंट असेल तर बहुतेक सारें पाणी नाल्याकडे धांवतें. पावसाचा वेग, जागेचें क्षेत्रफळ व जमिनीचा प्रकार, या तीन गोष्टी ज्यास ठाऊक आहेत त्यास पुराचें भय आधींच अजमावतां येतें.

कोणी म्हणतील, "हें काम हवामानखात्याचें, त्यांत मुलांनीं कशाला पडावें?" त्यांस आमचें उत्तर असें. ज्या दिवशीं सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवशीं त्याच शहराच्या दक्षिण टोंकास, कुलाब्यास, अवघा ७३ मिलिमीटर झाला. एका शहरांत जर इतका फरक, तर तालुक्याच्या ठिकाणच्या एका यंत्रानें दहा कोसांवरील खेड्याचा पाऊस कसा कळावा ? खात्याचें काम खातें करील. आपल्या ओढ्याची नोंद आपणच ठेविली पाहिजे.

दुसरा आक्षेप असा कीं, "असा पूर शंभर वर्षांतून एकदां येतो, तो येऊन गेला, आतां चिंता नाहीं." हा समज घातक आहे. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षीं शंभरांत एक इतका ज्याचा संभव आहे तो पूर. तीस वर्षांच्या अवधींत तो एकदां तरी येण्याचा संभव चारांत एक इतका होतो. कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्यापाशीं पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्यें नदी ५५ फुटांपलीकडे गेली, आणि दोनच वर्षांनीं, जुलै २०२१ मध्यें, पुन्हां तितकीच चढली. नदी पंचांग पाहून येत नाहीं.

तेव्हां, विद्यार्थिमित्रांनो, कामास लागा. सपाट बुडाची, सरळ उभ्या बाजूंची एक कांचेची बरणी घ्या. ती झाडांपासून व भिंतींपासून दूर, उघड्यावर पक्की बसवा, आणि रोज सकाळीं साडेआठ वाजतां पट्टीनें पाणी मोजून वहींत लिहा. जोराचा पाऊस लागला म्हणजे दर पंधरा मिनिटांनीं मोजा. त्या आंकड्याची चौपट केली कीं पावसाचा ताशी वेग मिळतो. उन्हाळ्यांत वडील माणसांच्या साहाय्यानें पुलाच्या खांबावर फुटांच्या खुणा रंगवून ठेवा, व पावसाळ्यांत त्या दुरूनच वाचा. पुराच्या पाण्याजवळ कदापि जाऊं नका. पाऊस आणि पाण्याची पातळी हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं लिहीत गेलां, तर चार पावसाळ्यांनीं तुमची वही सांगूं लागेल कीं, इतका पाऊस इतक्या वेळांत पडला म्हणजे अमक्या वेळानें पुलावर पाणी येतें.

पालकांसही एक विनंती. मुलानें घरीं येऊन "पंधरा मिनिटांत वीस मिलिमीटर झाला" असें सांगितलें तर त्यास हंसूं नका. हा ताशी ऐंशीचा वेग झाला. त्या वेळीं गोठ्यांतील गुरें सोडून उंचावर न्यावीं, धान्य माळ्यावर चढवावें, आणि पाण्याखालीं गेलेल्या फरशीपुलावर पाऊल टाकूं नये. पाऊस थांबविणें कोणाच्याच हातीं नाहीं. परंतु पाणी दाराशीं येण्यापूर्वी तासभर आधीं सावध होणें एका बरणीनें आणि एका वहीनें साधतें. त्या एका तासांत घरांतील सर्व माणसें सुखरूप बाहेर पडूं शकतात.