तुमच्या पडद्यावरचा ‘अ’ मुंबईचा आहे

हा धागा लढायांचा नाही, तहांचा नाही आणि गडकोटांचाही जवळजवळ नाही. तो अक्षरांच्या आकाराविषयी आहे. बखर कोणी लिहिली, पत्र कोणत्या तिथीचे, त्यावर शिक्का कोणाचा, यांवर आपण रात्र-रात्र वाद घालतो. पण ज्या अक्षरांतून हे सारे आपण वाचतो, ती अक्षरे अशीच का दिसतात, हा प्रश्न आपल्यापैकी फारच थोड्यांना पडतो. अक्षराचे वळण हेही ऐतिहासिक साधन आहे, असे माझे मत आहे. ते न मानल्यामुळे आपण आपल्याच कामात काही हास्यास्पद चुका करीत आहोत. त्यांतली एक मी स्वतः केली आहे. तिच्याकडे पुढे येतोच.

आधी एक प्रयोग. आपल्या पडद्यावरचा ‘अ’ निरखून पाहा. डावीकडे ३ या अंकासारखे वळण, मध्ये जोडरेघ, उजवीकडे उभा दंड. आता काशी किंवा कलकत्त्यात एकोणिसाव्या शतकात छापलेला एखादा संस्कृत ग्रंथ उघडा. तिथला ‘अ’ निराळा आहे, ‘झ’ ‘भ’ला शेपूट फुटावे तसा आहे, आणि ‘ण’ तर ‘र’ला काना द्यावा तसा दिसतो, सवय नसलेला वाचक पहिल्या पानावरच अडखळतो. देवनागरीची ही दोन वळणे दीर्घकाळ शेजारी-शेजारी नांदली. मुद्रणाचे अभ्यासक त्यांना मुंबई वळण आणि कलकत्ता वळण म्हणतात.

आज दिल्लीचे वर्तमानपत्र किंवा पाटण्याचे क्रमिक पुस्तक पाहिले, तर तिथे ‘अ’, ‘झ’, ‘ण’ बहुधा मुंबई वळणाचेच आढळतील. केंद्रीय हिंदी निदेशालयाने १९६६ साली मानक देवनागरी वर्णमाला प्रसिद्ध केली, तेव्हा या अक्षरांची हीच रूपे प्रमाण ठरली. आपल्या लेखकूंच्या हाताचे वळण साऱ्या देवनागरी मुलखाचे झाले, ही काही लहान गोष्ट नव्हे. परंतु ‘अटकेपार’ हा शब्द ज्यांच्या ओठांवर सदैव तयार असतो, त्यांपैकी कोणालाही मी या प्रवासाविषयी अभिमानाने बोलताना ऐकलेले नाही.

हे घडले कसे? एका सरकारी समितीच्या ठरावाने तर निश्चितच नाही. त्यामागे धातूचे खिळे ओतणारी माणसे आहेत.

गणपत कृष्णाजी हे भंडारी समाजातले मुंबईकर. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात त्यांनी मुद्रणविद्या आत्मसात केली आणि १८३१ साली शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापून काढले. शिळाछापात खिळे नसतात. लेखकू विशिष्ट शाईने लिहितो, ते अक्षर दगडावर उतरते आणि दगडावरून कागदावर. म्हणजे छापलेले पान हे हस्ताक्षराचेच पान. पुढे त्यांनी देवनागरीचे खिळेही स्वतः तयार केले. धार्मिक लोकांना चरबीच्या शाईचा विटाळ वाटू नये म्हणून त्यांनी शाईत तूप घातले, अशी आख्यायिका सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, ज्या समाजासाठी ती सांगितली गेली त्याचे चित्र त्यात नेमके उतरले आहे. गोविंद नारायण माडगावकरांच्या ‘मुंबईचे वर्णन’ या १८६३ सालच्या ग्रंथात गणपत कृष्णाजींचे नाव भेटते. मुंबईच्या इतिहासाची आवड असलेल्याने तो ग्रंथ वाचलेला नसेल, तर हा धागा इथेच सोडून आधी तो मिळवावा.

दुसरे नाव जावजी दादाजी चौधरी यांचे. जन्म १८३९. घरी दारिद्र्य. कोवळ्या वयात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामावर ते लागले. १८६४ साली त्यांनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू हे अक्षरे कोरणारे कारागीर. कोरणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा. पोलादाच्या कांडीच्या टोकावर उलटे अक्षर कोरायचे. तो ठसा तांब्यात ठोकून साचा करायचा. त्या साच्यात शिशाचा रस ओतून खिळा काढायचा. हे एकेका अक्षरासाठी. देवनागरीत मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरे धरली, की खिळ्यांची संख्या कित्येक शेकड्यांवर जाते. रोमन लिपीच्या खिळेजुळाऱ्यासमोर एक-दोन घोडी खण असत. आपल्या जुळाऱ्याला खणांच्या भिंतींमध्येच उभे राहावे लागे.

निर्णयसागरचा ग्रंथ हाती घेतला की ओळ कशी सरळ धावते ते पाहावे. शिरोरेखा कुठे तुटत नाही, मात्रा अक्षरावर नीट बसते, जोडाक्षर गुदमरत नाही. काव्यमालेतले संस्कृत ग्रंथ याच अक्षरांत देशभर गेले आणि परदेशी विद्यापीठांतही पोहोचले. मुंबई वळणाच्या विजयात या ग्रंथांचा आणि मुंबईच्या खिळ्यांचा वाटा फार मोठा आहे, असे मला वाटते. शास्त्रीपंडितांची नावे मुखपृष्ठावर आली. राणोजी आरूंचे नाव किती संस्कृतज्ञांना ठाऊक असेल?

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी एका दुर्गसंवर्धन गटासाठी मी बोधचिन्ह तयार केले. मध्यभागी शिवरायांची राजमुद्रा जशीच्या तशी, भोवती गटाचे नाव, आणि ते नाव ‘मोडीसारख्या’ दिसणाऱ्या एका फाँटमध्ये. सर्वांना ते अतिशय आवडले. टोप्यांवर आले, फलकावर आले. गटासोबत अधूनमधून येणारे एक वृद्ध गृहस्थ होते. उभे आयुष्य मोडी कागद वाचण्यात गेलेले. त्यांनी फलकाकडे बराच वेळ पाहिले आणि एवढेच विचारले, “हे मला वाचता येतंय, मग ही मोडी कशी?”

त्या प्रश्नाला उत्तर नव्हते. मोडी ही देवनागरीला नक्षी काढून होत नाही. तिची कित्येक अक्षरे मुळातच वेगळी आहेत. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे गुंफत न्यायची, ही तिची चाल. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद ती सहसा पाळत नाही. ती वेगाची लिपी आहे, दफ्तराची लिपी आहे. तिची वळणे हातमोकळेपणातून आली, शोभेसाठी नव्हे. जी केवळ देवनागरी जाणणाऱ्याला सहज वाचता येते ती मोडी नव्हे, आणि ज्याला खरी मोडी येते त्याला ती नक्षी निव्वळ गोंधळ वाटते. मग आपण ती कोणासाठी वापरतो? ‘जुने’ दिसावे म्हणून. म्हणजे ऐतिहासिक चित्रपटातला प्लॅस्टिकचा जिरेटोप आणि आमचे ते बोधचिन्ह यांत फारसे अंतर नव्हते.

गंमत अशी की खरी मोडी छापलेलीही आहे. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण श्रीरामपूरला १८०५ साली निघाले ते देवनागरीत. पण १८१० च्या त्यांच्या मराठी कोशात मराठी शब्द मोडी खिळ्यांत आहेत. पुढे शिळाछापावर मोडीची शालेय पुस्तकेही निघाली. ज्याला खरोखर मोडीचा बाज हवा आहे त्याला अस्सल नमुने उपलब्ध आहेत. ते पाहण्याचे कष्ट मी घेतले नव्हते, इतकेच.

राजमुद्रेचेही तसेच. तिच्याविषयी आपण भावनेने बोलतो, ते योग्यच आहे. पण रचना म्हणून तिच्याकडे पाहतो का? दख्खनच्या दरबारांत फारसी मुद्रांचा प्रघात असताना संस्कृत लेख, अष्टकोनी चौकट, आणि पत्राच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ ही वेगळी छोटी मुद्रा. ही दुसरी मुद्रा मला अधिक विलक्षण वाटते. मजकूर इथे संपला, याच्या खाली कोणी काही घुसडले तर ते आमचे नव्हे, हे सांगण्याचे काम ती करते. आकार, लेख आणि जागा तिन्ही मिळून एक प्रशासकीय गरज भागवतात. उत्तम बोधचिन्हाची याहून चांगली व्याख्या मला ठाऊक नाही. आणि आपण काय करतो? तीच मुद्रा चहाच्या टपरीपासून मोटारीच्या काचेपर्यंत चिकटवतो, इतकी लहान करून की तिच्यातला लेख शाईचा ठिपका होतो. ज्या मुद्रेचे सारे सामर्थ्य ती कुठे उमटावी यावरच्या बंधनात होते, ती आपण सर्वत्र उमटवून टाकली.

याच्या उलट उदाहरण भारतीय नौदलाचे. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे नौदलाच्या नव्या ध्वजाचे अनावरण झाले. त्यावर निळा अष्टकोन आहे, त्याला दुहेरी सोनेरी किनार आहे, आत नांगर आणि राजचिन्ह आहे. तो अष्टकोन शिवरायांच्या मुद्रेवरून घेतला, हे तेव्हा अधिकृतपणे सांगण्यात आले. लक्षात घ्या, लेख उचललेला नाही. फक्त आकार घेतला, आणि जे सांगायचे ते नौदलाने स्वतःच्या चिन्हांत सांगितले. सोनेरी बारकावे दुरून थोडे गर्दीचे वाटतात, ही माझी तक्रार आहे. तरीही इतिहासाकडून उसने कसे घ्यावे, याचा हा अलीकडचा चांगला धडा आहे. रुपयाचे चिन्हही याच जातीचे. डी. उदय कुमार यांची रचना १५ जुलै २०१० रोजी स्वीकारली गेली. ‘र’ आणि रोमन आर यांचा मेळ त्यात आहे, पण त्याला भारतीय करते ती वरची शिरोरेखा. एक आडवी रेघ, बस्स.

देवनागरीत बोधचिन्ह करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी : जाडी कुठे पडते. आपला बोरू रोमन लेखणीच्या उलट तिरकस कापला जात असे. त्यामुळे रोमन अक्षरांत ज्या दिशेची तिरपी रेघ जाड होते, तिच्या विरुद्ध दिशेची रेघ देवनागरीत जाड होते. रोमन नावाशेजारी जुळावे म्हणून अनेक मराठी नावे आज रोमन जाडीने काढली जातात. ती वाचता येतात, पण परक्या उच्चारात बोललेल्या मराठीसारखी कानाला, म्हणजे डोळ्याला, टोचतात. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली शीर्षके पाहिली की फरक कळतो. त्यांनी अक्षराशी किती तरी खेळ केले, मात्र त्या अक्षराचा हात मराठीच राहिला.

आता ज्या हानीची मला खरी चुटपुट लागली आहे तिच्याकडे वळतो. ‘अ’, ‘झ’, ‘ण’ आपले सर्वत्र गेले. पण ‘ल’ आणि ‘श’ यांच्या बाबतीत उलटे झाले. उभा दंड नसलेला, दोन पाकळ्यांचा मराठी ‘ल’ आणि देठाचा मराठी ‘श’ आपण शाळेत गिरवला. संगणकाने मात्र आपल्यापुढे हिंदी रूपे ठेवली. संकेतांकाच्या दृष्टीने दोन्ही ‘ल’ एकच आहेत. कोणते रूप दाखवायचे ते फाँट ठरवतो. विंडोजबरोबर घरोघर पोहोचलेला ‘मंगल’ हा फाँट र. कृ. जोशी यांच्यासारख्या थोर मराठी अक्षरकाराच्या हातचा. त्यात सहज उमटतो तो हिंदी ‘ल’, कारण मागणी साऱ्या देवनागरीच्या एका प्रमाणाची होती. दोष जोशींचा नाही. त्यांनी भारतीय लिप्यांना संगणकावर उभे केले, हे ऋण मोठे आहे. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये शासननिर्णय काढून पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ प्रमाण ठरवले. तरी शासनाच्याच कित्येक फलकांवर अजून दंडाचा ‘ल’ आहे.

“वाचता येते ना, मग काय बिघडले?” असे कोणी म्हणेल. व्यवहारात काहीच बिघडत नाही. परंतु ज्या मंडळींना समाधीवरच्या झिजलेल्या शिलालेखातील एका अक्षराच्या वळणावरून काळ ठरवता येतो, त्यांनी तरी हा युक्तिवाद करू नये. आजपासून दोनशे वर्षांनी आपले फलक कोणी तपासले, तर एकविसाव्या शतकाच्या आरंभी मराठी लिहिणाऱ्यांचा हात अचानक का बदलला, असा प्रश्न त्यांना पडेल, आणि उत्तर कोणत्याही स्वारीत सापडणार नाही.

उपाय अवघड नाही. अनेक नव्या फाँटांमध्ये मराठी रूपे आत दडवून ठेवलेली असतात. मजकुराची भाषा हिंदी न ठेवता मराठी निवडली की ‘ल’ आणि ‘श’ आपोआप पालटतात. बहुतेक रचनाकार ती निवड कधी उघडूनच पाहत नाहीत. मीही पाहत नव्हतो.

आमच्या गटाचा फलक आता बदलला आहे. राजमुद्रा काढली. नाव साध्या, जाड देवनागरीत आहे, देठाच्या ‘श’सह. रंगवणाऱ्या पेंटरकाकांना मी ‘श’ कागदावर काढून दाखवू लागलो, तेव्हा त्यांनी कागद बाजूला सारला आणि म्हणाले, “हा होय! हा तर आमच्या हातातच आहे. तुम्ही लोकच छापून दुसरा आणता.”