उल्केची काच : ना अपाय, ना उपाय

हिरव्या ‘मोल्डावाइट’ खड्याची समाजमाध्यमांवर चलती आहे. अंगावर बाळगल्यास ‘ऊर्जा’ मिळते, आजार पळतात, असा दावा. वास्तव काय? सुमारे १.४८ कोटी वर्षांपूर्वी आजच्या जर्मनीत अशनी आदळून २४ किलोमीटर व्यासाचे विवर पडले. वितळलेली माती उडून थिजली आणि तिची काच आजच्या चेक प्रजासत्ताकात पडली. म्हणजे हा खडा आकाशातला नव्हे, पृथ्वीचाच.

मागणी वाढताच तिथल्या जंगलात चोरटी खोदाई आणि बाजारात नकली काच आली. खडा अस्सल असला तरी त्यातली सिलिका त्वचेतून शरीरात जात नाही. त्यामुळे त्याचा अपाय नाही, तसा उपायही नाही. खरा धोका त्याच्या भरवशावर रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या सोडण्यात आहे.

आपल्या लोणार विवरातही अशी आघातकाच सापडते. विवर बेसाल्टमध्ये असल्याने चंद्र-मंगळाच्या अभ्यासकांना ती मोलाची. पण नेमकी जागा न नोंदवता उचललेला तुकडा संशोधनासाठी जवळपास निकामी ठरतो. शिवाय लोणार अभयारण्य आहे. तिथे जरूर जावे, पाहावे. दगड मात्र खिशात घालू नये.