१८३ रात्रींचा हिशोब

इथे अमेरिकेत एप्रिल जवळ आला की आपली मंडळी क्रिकेटपेक्षा टॅक्सवर जास्त बोलायला लागतात. डब्ल्यू-टू आला का, रिफंड किती, वगैरे. पण ज्यांचा घटस्फोट झालाय त्यांच्यापुढे वेगळाच प्रश्न असतो. यंदा मूल कुणाच्या रिटर्नवर? आणि आपल्या मराठी घरांतही हा प्रश्न येतो बरं का. "आपल्यात असं नसतं" हे म्हणायचे दिवस गेले.

नियम बघायला गेलं तर सोपा आहे. चाइल्ड सपोर्टचा चेक कोण लिहितं, हे आयआरएस बघत नाही. वर्षभरात मूल जास्त रात्री ज्याच्याकडे राहिलं, त्याचा हक्क पहिला. वर्षाचे दिवस ३६५, म्हणजे १८३ विरुद्ध १८२. एका रात्रीत निकाल! लीप वर्षात बरोबरी झालीच, तर ज्याचं उत्पन्न जास्त त्याला. रात्रपाळी करणाऱ्यांसाठी दिवस मोजायचीही सोय आहे.

दर महिन्याला पैसे भरणारा बाप यावर चिडतो. "पैसे मी देतो आणि क्रेडिट तिला?" त्याचं चिडणं मी समजू शकतो, पण मला तरी नियम बरोबर वाटतो. रात्री दोन वाजता ताप आला तर उठायचं, सकाळी डबा भरायचा, हे ज्याच्या घरी मूल झोपतं त्याच्याच वाट्याला येतं. आणि माया मोजायला यंत्र नाही. रात्री मात्र मोजता येतात.

शिवाय कायद्याने दुसऱ्याचं दार बंद केलेलं नाही. मूल ज्याच्याकडे राहतं त्याने फॉर्म ८३३२ वर सही केली, की दुसऱ्याला चाइल्ड टॅक्स क्रेडिट घेता येतं. २०२५ सालासाठी ते १७ वर्षांखालच्या दर मुलामागे २२०० डॉलरपर्यंत आहे. डेकेअरचं क्रेडिट मात्र सहीनेही हलत नाही.

खरी गोची पुढेच आहे. डिक्रीत लिहिलेलं असतं, "एक वर्ष तू, एक वर्ष मी". लोकांना वाटतं, झालं काम! पण २००८ नंतरची डिक्री नुसती जोडून आयआरएसला चालत नाही, सहीचा कागद वेगळा लागतो. मग ऐन मार्चमध्ये सही अडवून धरायची, दोघांनीही दावा ठोकायचा, दोघांच्याही घरी पत्रं यायची. आणि मधल्या मधे पोरगं विचारणार, "माझ्यावरून भांडताय का?"

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. डिक्रीत नुसतं वर्ष लिहू नका, सही कोणत्या तारखेपर्यंत द्यायची तेही लिहा. भांडायला इतर विषय पुष्कळ असतात.

असो. ते २२०० डॉलर कुणाच्याही खात्यात गेले तरी शेवटी त्या पोराच्याच वाट्याचे आहेत. एवढं दोघांना पटलं, तर सही करायला दोन मिनिटं लागतात.