एका गुणाचे क्रियापद

'गुंतणे : वाक्यात उपयोग करा. (गुण १)'

शाळेत असताना या प्रश्नाला माझे उत्तर ठरलेले असे : 'राजू अभ्यासात गुंतला होता.' गाइडमध्ये तेच होते, वर्गातल्या निम्म्या मुलांच्या वहीत तेच होते, आणि एक गुण सर्वांना मिळत असे. राजू कोण, तो कसा गुंतला, हे ना आम्ही विचारले, ना कोणी आम्हांला विचारले. समजा, 'राजू अभ्यासात अडकला होता' असे वाक्य दिसले असते, तर दोहोंतला फरक आम्हांला सांगता आला असता का? नाही. माझी तक्रार नेमकी इथे आहे.

पतंग झाडात अडकतो. मांजा मात्र गुंततो. अडकायला बाहेरचे काही तरी लागते : फांदी, खिळा, दार. ते दूर केले की वस्तू मोकळी. गुंतायला दुसऱ्या कोणाची गरज नसते. दोरा दोऱ्यातच गुंततो, केस केसांतच गुंततात, खिशात नीट गुंडाळून ठेवलेली इअरफोनची वायर बाहेर काढावी तर स्वतःतच गुंतलेली निघते. हिसका मारला की गाठ अधिकच घट्ट बसते. म्हणून गुंता सोडवायला बसलेला माणूस ओढत नाही, आधी टोक शोधतो. वेणी घालणारी आई पहिल्यांदा केसांच्या टोकाकडचा गुंता काढते, मग कंगवा वर नेते. आणि विंचरताना निघालेल्या केसांनाही आपल्या भाषेने 'गुंतवळ' असे वेगळे नाव दिले आहे.

हा भेद हाताला ठाऊक असला की लाक्षणिक अर्थ निराळा शिकवावा लागत नाही. 'पैसे अडकले' म्हणणारा रडकुंडीला आलेला असतो. 'पैसे गुंतलेत' म्हणणाऱ्याने ते जमिनीत किंवा धंद्यात घातलेले असतात, आज हाताशी नाहीत इतकेच. 'कामात अडकलो' यात सुटकेची वाट पाहणे आहे. 'कामात गुंतलो' यात वेळ कसा गेला ते कळले नाही. दशरथ वचनात गुंतला, कारण कैकेयीला दिलेले दोन वर त्याचेच होते. दोरा घरचाच होता. भागवताच्या पाचव्या स्कंधातला भरत राजा राज्य सोडून वनात गेला आणि तिथे हरिणाच्या एका पाडसात त्याचा जीव गुंतला. पुढचा जन्म त्याला हरिणाचा मिळाला, असे कथा सांगते. त्या पाडसाने त्याला धरून ठेवले नव्हते. म्हणून 'पाडसात अडकला' असे कोणी म्हणणार नाही.

हे मी वर्गात शिकलो नाही. दोन वर्षांपूर्वी आजी अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी आशा सोडली होती, पाणीही घशाखाली उतरत नव्हते. तरी चार दिवस प्राण जात नव्हता. शेजारच्या काकू उशाशी बसल्या होत्या. त्या आईला हळूच म्हणाल्या, ''वहिनी, आजींचा जीव गुंतलाय हो कशात तरी.'' आणि घरातली मोठी माणसे तो गुंता शोधायला लागली. कोणी म्हणाले, गोठ्यातली गाय दाराशी आणा; कोणी म्हणाले, धाकट्याला बोलवा. धाकटे काका सुरतेहून आले. तिने त्यांना ओळखले की नाही, हे मला सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. हा योगायोगही असेल. पण चार दिवस नुसत्या ताटकळलेल्या घराला त्या एका वाक्याने तिच्यासाठी काही करायला दिले. 'जीव अडकलाय' असे म्हटले असते, तर आम्ही फक्त तो सुटण्याची वाट पाहिली असती.

आज कॉलेजच्या कट्ट्यावर आपण 'मी त्यात इन्व्हॉल्व्ह नाही' असे सहज म्हणतो, आणि लेखांतून 'भावनिक गुंतवणूक' वाचतो. परका शब्द आला म्हणून मी गळा काढणार नाही. 'टेबल' आणि 'पेन' आपण केव्हाच पचवले. पण 'गुंतवणूक' म्हटली की तिच्यामागून मुदत येते, परतावा येतो, तोटाही येतो. मन गुंतवता येते, हे खरे. पुस्तकात, विणकामात आपण ते ठरवून गुंतवतो. जीव मात्र आपणहून गुंततो. आजीने काकांमध्ये गुंतवणूक केली होती असे म्हणून पाहा, म्हणजे शब्द कुठे टोचतो ते कळेल.

भाषा बदलतेच, असे कोणी म्हणेल. जरूर बदलावी. पण हातातले काय जाते आहे, ते ओळखून तरी जाऊ द्यावे.

म्हणून प्रश्नपत्रिका काढणाऱ्या गुरुजनांना एक विनंती आहे. 'वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न काढून टाकू नका. त्याच्यापुढे एक ओळ वाढवा : 'या वाक्यात अडकणे का चालणार नाही?' याचे उत्तर पाठ करून येणार नाही. त्यासाठी विद्यार्थ्याला एकदा तरी मांजा, वेणी, नाही तर आपल्या घरातले एखादे माणूस आठवावे लागेल. त्याला एक गुण कमी वाटत असेल, तर दोन द्यावेत.