चिंध्यांचा ताळेबंद

नातवाच्या बारशासाठी दुपटे शिवावयास घेतले आणि जुन्या कापडांचे गाठोडे सोडले. अस्तराला आईच्या नऊवारीचा मऊ तुकडा, वर मुलांच्या झबल्यांचे चौकोन. कडेपासून आत आत जाणारा धावदोरा. हाताचे वळण आईचेच. गाठोड्याच्या तळाशी पांढऱ्या पॉपलिनचा हातभर तुकडा निघाला आणि सुई थांबली.

विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. पुढे घरोघरी माग आले, तसे आमच्या अण्णांचेही चार उभे राहिले. मंदीत हिशेब मांडून ‘विकून टाका’ असे सांगणारी मीच. बँकेतली नोकरी, आकडे चुकले नव्हते. माग किलोच्या भावाने भंगारात गेले. अण्णा काहीच बोलले नाहीत. शेवटच्या ताग्यातला हा तुकडा तेवढा त्यांनी घरी आणला होता.

दरवर्षी क्षमावाणीला साऱ्यांची क्षमा मागितली. याबद्दल अण्णांची मागायची मात्र राहून गेली. ताळेबंदातून निर्लेखित केलेली रक्कम पुन्हा दिसत नाही. दुपट्यात तसे नसते. तो तुकडा मी मधोमध लावला. आता त्यावर अण्णांचा पणतू निजतो.