सायीतली काकडी

भाद्रपदात सुकेळीची खिंड उतरून खांबकडे येऊ लागलात की महामार्गाच्या कडेला काकड्यांचे ढीग दिसू लागतात. फिकट हिरव्या, वीत-दीड वीत लांब, पावसाने धुतलेल्या. आमच्या घरी त्यांची गती ठरलेली. आई विळीवर बसून काकडी चोचवणार, मीठ लावून पिळणार, मग दाण्याचे कूट, ओले खोबरे, लिंबू, मिरची आणि वर हिंगाची फोडणी. काकडीचे याहून निराळे काही करता येते, हे आमच्या घराला मान्यच नव्हते.

यंदा मान्य करावे लागले. माझी धाकटी बहीण सहा वर्षांनी हांबुर्गहून गणपतीला आली. तिकडे ती परिचारिका आहे. मधल्या काळात वडील गेले, तेव्हा तिला येता आले नाही आणि आई ते विसरली नव्हती. बोलत होती, पण जेवणापुरते. ‘वाढू का?’ ‘पुरे का?’ गौरी-गणपती बोळवून झाले तरी हेच चाललेले.

एके सकाळी मी कॉलेजला निघालो तर बहीण म्हणाली, “दादा, आज काकडी मी करते. रोह्याहून येताना शेपू आण.”

काकडीत शेपू! मी मराठीचा मास्तर, पण या वाक्याचा अन्वय मला लावता येईना.

जर्मन लोक या प्रकाराला ‘गुर्केनझालाट’ म्हणतात. दक्षिणेकडे तो तेल-व्हिनेगरात करतात. उत्तरेकडे, म्हणजे हांबुर्गच्या बाजूला, आंबट सायीत. ‘गुर्के’ हा शब्द जर्मनांनी शेजारच्या स्लाव्ह लोकांकडून उचलला. फळ तर त्याहून लांबून गेलेले, कारण काकडीचे मूळ हिमालयाच्या पायथ्याचे. आपली ‘काकडी’ संस्कृत ‘कर्कटी’वरून आली आणि कोकणातले ‘तवसे’ ‘त्रपुस’वरून. (व्युत्पत्ती सांगितल्यावाचून मला जेवण जात नाही, हे घरी सर्वांना ठाऊक आहे.)

बहिणीने काकड्या सोलल्या त्या फुलाच्या टोकाकडून देठाकडे. तसे केले म्हणजे देठाचा कडूपणा पसरत नाही, अशी तिकडची समजूत. आई देठाचा तुकडा कापून तोच फेस येईपर्यंत घासते, कडूपणा उतरतो म्हणून. मला विचाराल तर कडूपणा मुळात देठाजवळच जास्त. दोन बोटे टोक कापून टाकावे, दोन्ही शास्त्रे सांभाळली जातात. मग कागदासारख्या पातळ चकत्या, त्यांना मीठ चोळायचे आणि अर्धा तास चाळणीत ठेवायच्या, खाली वाटी. काकडीत शंभर भागांतले पंचाण्णव भाग पाणी. ते आधी काढले नाही तर पानात वाढेपर्यंत सायीचे ताक होते.

अडले ते सायीपाशीच. तिकडे आंबट साय दुकानात डब्यात मिळते. खांबला ती कुठली? बहीण दह्याचे पातेले उघडून विचार करीत उभी होती. तेवढ्यात आई, कोणाकडेही न पाहता, म्हणाली, “फ्रीजात लोण्याची साय आहे. विरजण लावलंय कालच.”

विरजलेली साय! जर्मनांची आंबट साय म्हणजे दुसरे काय? आमच्या घरी आठवड्याला तिचे लोणी निघते, पण ती तशीच पानात घ्यावी हे कोणाच्या डोक्यात आले नव्हते. बहिणीने वाटीभर साय फेटली. लिंबू, चिमूटभर साखर, मिरपूड आणि चमचाभर अगदी बारीक चिरलेला शेपू घातला. चकत्या दोन्ही तळव्यांत धरून घट्ट पिळल्या आणि त्यात सोडल्या. वरून मीठ नाही, चोळलेले पुरते. फोडणी नाही.

आईने बोटाने चाखली. “फोडणीवाचून आजाऱ्याचं जेवण वाटतं.” जरा थांबून तिने विचारले, “आणि पाणी? ओतलंस?”

काकडीचे पिळलेले पाणी आई घावनाच्या पिठात घालते. लहानपणी ते मोरीत ओतल्याबद्दल आम्ही दोघांनी धपाटे खाल्ले आहेत.

बहिणीने ओट्यावरची झाकलेली वाटी पुढे केली. “नाही गं. तिकडेही टाकत नाही मी. सगळे हसतात मला.”

आईने वाटी घेतली. तांदळाचे पीठ काढले. “यात मीठ आहे हो, वरून घालू नकोस,” असे म्हणून तिने पळी बहिणीच्या हाती दिली. मग तव्यापाशी दोघी बराच वेळ उभ्या होत्या. वडिलांचे शेवटचे दिवस आई तिला सांगत होती, कोणत्या रात्री काय झाले ते सारे. मी ओटीवर बसून घावन खात होतो. काही ऐकू आले, काही मी ऐकले नाही. सायीतली ती काकडी घावनाबरोबर फार चांगली लागते, एवढे मात्र सांगतो. शेपूचा वास साय ओढून घेते.

बहीण दसऱ्याआधी परत गेली. तेव्हापासून दर आठवड्याला रोह्याहून शेपूची जुडी आणण्याचे काम माझ्याकडे आले आहे. आई काकडी तशीच करते, सायीत, लिंबू-साखर घालून. वर मात्र हिंगाची फोडणी देते. हांबुर्गला हे अद्याप कळवलेले नाही.